पूर्ण वाक्याची भिंत: लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या एका भित्तिचित्राचं प्रकरण

(ओळख पटू नये म्हणून शहर, लेखिका आणि समितीतली माणसं यांची नावं गाळली आहेत, रकमा ठोक आकड्यांत दिल्या आहेत. भिंतीवरच्या वाक्याचे शब्दही बदलले आहेत, आशय मूळचाच आहे.)

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातलं एक मध्यम शहर. मोटारींचे सुटे भाग बनवणारे कारखाने इथे एकेकाळी तीन पाळ्यांत चालायचे. १९१० ते १९७० या काळात दक्षिणेतल्या राज्यांतून सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसं देशाच्या इतर भागांत जाऊन स्थिरावली. त्याच लाटेत मिसिसिपीहून आलेल्या एका ओतशाळा-कामगाराची मुलगी ही या प्रकरणातली लेखिका. दिवसा शाळेच्या ग्रंथालयात नोकरी, रात्री लेखन. दोन कादंबऱ्या आणि एक निबंधसंग्रह, एवढाच ऐवज. तिला जाऊन वीसेक वर्षं झाली. पुस्तकं बाजारात मिळत नाहीत. शहराच्या वाचनालयात तिन्ही मिळून सात प्रती, त्यातल्या दोनांची बांधणी सुटलेली.

तिच्या तिन्ही पुस्तकांत एकच रस्ता फिरून फिरून येतो. न्हाव्याची दुकानं, दोन चर्च, एक नाचघर, कोपऱ्यावरचा औषधवाला. १९५६ च्या महामार्ग कायद्यानंतर अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत महामार्ग आखले गेले ते नेमके कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतून. डेट्रॉइटची ब्लॅक बॉटम आणि पॅरडाइज व्हॅली ही याची ठळक उदाहरणं. ‘अर्बन रिन्यूअल’ला (शहर-नूतनीकरणाला) त्या वस्त्यांमधली माणसं ‘निग्रो रिमूव्हल’ (निग्रोंना हटवणं) म्हणायची. या लेखिकेचा रस्ताही १९६० च्या दशकात महामार्गाखाली गेला.

वाचनालयातल्या एका वाचनगटात कल्पना निघाली की गावात हिचं नाव कुठेच नाही, तर एक भिंत रंगवू. अशा कल्पनेमागे अमेरिकेत मोठी परंपरा आहे. १९६७ साली शिकागोच्या दक्षिण भागात, ४३ वा रस्ता आणि लँगली अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर, कृष्णवर्णीय चित्रकारांच्या गटाने ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’ रंगवली. संगीतकार, खेळाडू, राजकीय नेते आणि लेखक एकाच भिंतीवर आले. ती भिंत जेमतेम चार वर्षं टिकली. इमारतीला आग लागली आणि १९७१ मध्ये ती पाडली गेली. भिंत चित्रकारांची नव्हती, हा त्यातला धडा पुढे या प्रकरणात कामाला आला.

समिती अकरा जणांची झाली: वाचनालयाचे दोघे, चर्चचे दोघे, दोन शिक्षिका, एक वकील, एक निवृत्त मोटार-कामगार, एक व्यावसायिक चित्रकार, मुख्य रस्त्यावरचा एक दुकानदार आणि लेखिकेची भाची.

अडचण

पहिल्या अंदाजपत्रकाची बेरीज ६२,००० डॉलर होती:

चित्रकाराचं मानधन (दोन सहायक आणि अंतिम फेरीतल्या तिघांना आराखड्यासाठी प्रत्येकी १,००० धरून) ३४,०००
भिंतीची दुरुस्ती ४,०००
बूम लिफ्ट (उंचीवर काम करायचा यांत्रिक पाळणा), चार आठवडे ५,२००
रंग, प्रायमर (रंगाखालचा पहिला थर), चित्राचं कापड, ते चिकटवायचं जेल ६,८००
विमा आणि परवाने २,३००
रहिवाशांचे रंगकामाचे तीन दिवस ३,६००
छायाचित्र आणि मजकुराचे हक्क ५००
माहितीफलक १,२००
ऑनलाइन शुल्क आणि आश्रयदात्या संस्थेचा खर्च ४,४००

यात आकस्मिक खर्चासाठी एक डॉलर नव्हता आणि पुढच्या देखभालीसाठीही नव्हता. दुरुस्तीचे ४,००० कोणी भिंत तपासून काढले नव्हते. फूटपाथवरून वर बघून कोणीतरी ‘एवढ्यात होईल’ म्हटलं होतं. हक्कांचे ५०० तर शुद्ध अंदाज. तरीही याच आकड्यांवर वर्गणीचं आवाहन छापलं गेलं. पुढे जी ओढाताण झाली तिचं मूळ इथे आहे.

पण पैशांचा प्रश्न निदान दिसत होता. भिंतीवर लेखिकेचं काय लिहायचं, हा प्रश्न कोणाला प्रश्नच वाटला नव्हता. तिचं एक वाक्य गावात सगळ्यांना पाठ होतं: ‘या रस्त्याने मला चालायला शिकवलं.’ वाचनालयाच्या पिशव्यांवर, शाळेच्या वार्षिकांकावर तेच. आवाहनाच्या पत्रकावरही तेच छापलं. मग एका शिक्षिकेने निबंधसंग्रहातलं पान उघडलं तेव्हा कळलं की तिथे पूर्णविराम नाही, स्वल्पविराम आहे. वाक्य पुढे जातं: ‘आणि तुम्ही रस्ताच उचलून नेलात.’

कोणते पर्याय होते

भिंतींचे तीन पर्याय समोर होते आणि तिन्हींवर दोन महिने चर्चा झाली.

वाचनालयाची स्वतःची भिंत गुळगुळीत काँक्रीट ब्लॉकची, उत्तराभिमुख, म्हणजे रंग कमी विटणार. रंगकामाला तिघींत सर्वांत सोपी. पण इमारत नगरपालिकेची. सरकारी जागेवरचं कायमचं स्मारक हे सरकारचंच बोलणं ठरतं, असा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा प्लेझंट ग्रोव्ह विरुद्ध समम हा निकाल आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा की मजकुरावर शेवटचा शब्द नगरसभेचा, आणि मंजुरीला चार ते सहा महिने.

दुसरी भिंत महामार्गाच्या बाजूची, जिथे लेखिकेचा रस्ता होता बरोबर तिथे. अर्थाच्या दृष्टीने हिच्याइतकी योग्य जागा नव्हती. पण परवानगी राज्याच्या वाहतूक खात्याची, आणि हिवाळ्यात बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ गाड्यांच्या चाकांतून उडून काँक्रीटमध्ये मुरतं. अशा काँक्रीटवर रंगाला आतून क्षार ढकलतात, बाहेरून फवारा बसतो. शिवाय तिथे पायी जाणारं कोणी नाही. ताशी शंभर किलोमीटरने जाणाऱ्याला वाक्य वाचता येत नाही.

तिसरी, मुख्य रस्त्यावरच्या जुन्या हार्डवेअर दुकानाची बाजूची भिंत. १९२० च्या दशकातल्या विटा, ६२ फूट लांब, २२ फूट उंच, त्यातली १,२०० चौरस फूट वापरता येण्याजोगी. मालक तयार. समोर बसथांबा. खासगी भिंत असल्याने मजकुराची मंजुरी लागणार नव्हती. एकच अट होती: शहराच्या नियमांत ज्या चित्रात व्यापारी नाव किंवा चिन्ह असेल ते ‘चित्र’ राहत नाही, ‘जाहिरात फलक’ होतं, आणि त्याला आकाराची मर्यादा लागते. म्हणून देणगीदारांची नावं भिंतीवर घालायची नाहीत, हे पहिल्याच बैठकीत ठरलं. ज्या शहरात नियम इतका स्पष्ट नसेल तिथेही हेच करावं. एक चिन्ह घेतलं की पाच जण मागतात.

तिसरी भिंत निवडली गेली. निवड योग्य होती, पण विटा तपासून केलेली नव्हती.

वाक्याबाबत चार पर्याय मांडले गेले. अर्धं वाक्य, पूर्ण वाक्य, वाक्यच नको (फक्त चेहरा आणि नाव), किंवा भिंतीवर अर्धं आणि खाली माहितीफलकावर पूर्ण. चौथा पर्याय ऐकायला समंजस वाटतो, म्हणून तो सर्वांत लांबला. त्याची खोट भाचीने दाखवली: भिंत ६० फुटांवरून दिसते, फलक दोन फुटांवरून. लेखिकेला गोड करून लावायचं आणि तिचं म्हणणं तळटीपेत ढकलायचं, असा त्याचा अर्थ.

नेमका याच वेळी एका स्थानिक बँकेचा ५,००० डॉलरचा प्रस्ताव आला. अट एकच: पत्रकावर छापलंय तेच वाक्य राहावं, पुढचं नको. १९३० च्या दशकात कृष्णवर्णीय वस्त्यांभोवती नकाशावर लाल रेषा ओढून तिथे गृहकर्ज नाकारण्याची पद्धत अमेरिकाभर रुजली होती. तो इतिहास माहीत असलेल्यांना ही अट कोणाकडून येते आहे हेही दिसत होतं. बँकेच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की त्यांनी अट लेखी दिली. अनेक देणगीदार ती तोंडी घालतात आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आठवण करून देतात.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. तेव्हा लेखकाचा चेहरा लावायचा आणि त्याचं बोचणारं वाक्य गाळायचं, हा प्रकार मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगायला नको.

काय केलं: वर्गणी

मिशिगनमध्ये २०१४ पासून राज्याची आर्थिक विकास संस्था ‘पब्लिक स्पेसेस कम्युनिटी प्लेसेस’ ही योजना पॅट्रॉनिसिटी या संकेतस्थळावरून चालवते. लोकांकडून ठरलेलं उद्दिष्ट गाठलं तर राज्य तेवढीच रक्कम घालतं, त्या वेळी कमाल ५०,००० डॉलर. उद्दिष्ट हुकलं तर राज्याचा वाटा मिळत नाही. समितीने उद्दिष्ट ३०,००० ठेवलं, मुदत ४५ दिवस. राज्याचे ३०,००० आणि चर्चच्या जेवणांचे २,००० मिळून ६२,००० जुळत होते.

समिती नोंदणीकृत नव्हती, म्हणून ५०१ (सी)(३), म्हणजे करमुक्त दर्जाच्या एका धर्मादाय संस्थेच्या छत्राखाली खातं उघडलं. त्या संस्थेने ठोक २,००० घेतले. अशा संस्था सहसा जमा रकमेच्या टक्केवारीने आकारतात, त्यामानाने हे स्वस्तात झालं. संकेतस्थळ आणि कार्डाचं शुल्क मिळून सुमारे ८ टक्के गेलं. २५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या देणगीला करसवलतीसाठी संस्थेची लेखी पावती लागते. ती पाठवायचं काम कोणाचं, हे आधी ठरलेलं नव्हतं, आणि एप्रिलमध्ये त्यावरून फोन आलेच.

मोहीम सुरू व्हायच्या आधी ओळखीच्या माणसांकडून ९,००० डॉलरची तोंडी हमी घेतली आणि पहिल्या तीन दिवसांत ती जमा करून घेतली. ही युक्ती नाही, गरज आहे. पहिल्या आठवड्यात शून्याजवळ अडकलेल्या आवाहनाला अनोळखी माणूस पैसे देत नाही. विसाव्या दिवशी १६,००० झाले आणि गाडी थांबली. वाक्याचा वाद बाहेर फुटला होता. ‘आधी तुमचं ठरू द्या’ असं देणगीदार सांगू लागले.

निर्णय: पूर्ण वाक्य

समितीतला पहिला कौल ५ विरुद्ध ५ असा अडला. दुकानदाराने मत दिलं नाही. तेव्हा चर्चा आणखी ताणण्याऐवजी शिक्षिकांनी सुचवलं की आधी तो निबंध सगळ्यांनी ऐकू. अकरांपैकी चौघांनीच तो पूर्ण वाचला होता. एकतिसाव्या दिवशी वाचनालयात जाहीर वाचन झालं, ३८ मिनिटांचं. रस्त्यावर ज्यांची घरं होती अशी सात-आठ वृद्ध मंडळी आली होती. वाचनानंतर कोणी भाषण केलं नाही, फक्त जुन्या रस्त्याचा नकाशा टेबलावर ठेवला होता आणि ज्याने त्याने आपलं घर कुठे होतं ते पेन्सिलीने दाखवलं.

दुसऱ्या दिवशी ७ विरुद्ध ४ मतांनी पूर्ण वाक्य ठरलं. बँकेला आभाराचं पत्र गेलं, ५,००० नाकारले. विरोधातल्या चौघांपैकी एकानेही राजीनामा दिला नाही. याचं एक कारण असं की त्यांची हरकत इतिवृत्तात त्यांच्याच शब्दांत नोंदवली गेली: ‘तुम्ही’ म्हणजे कोण, हे न सांगता आजच्या दुकानदारांकडे बोट दाखवल्यासारखं होईल. ही हरकत पोकळ नव्हती. म्हणूनच माहितीफलकावर महामार्गाचं काम कधी झालं आणि किती घरं गेली हे नोंदवायचं ठरलं.

एकेचाळिसाव्या दिवशी ३०,००० पार झाले. अखेरीस ४१२ जणांकडून ३३,४०० जमले. निम्म्या देणग्या २५ डॉलर किंवा त्याहून कमी.

हक्क: तीन वेगळी माणसं

भाची वारस होती, म्हणून समितीने गृहीत धरलं की तिची संमती पुरे. प्रत्यक्षात तीन स्वतंत्र हक्क निघाले.

मजकुराचा हक्क प्रकाशकाकडे. १९६४ पूर्वी अमेरिकेत छापलेल्या पुस्तकाचा कॉपीराइट २८ व्या वर्षी नूतनीकरण न केल्यास संपलेला असतो. हे पुस्तक त्यानंतरचं, त्यामुळे ती वाट बंद. मूळ प्रकाशन संस्था मोठ्या संस्थेत विलीन झालेली. परवानगीचं पत्र यायला ११ आठवडे लागले, शुल्क ५०० डॉलर. एक वाक्य परवानगीशिवायही चाललं असतं, असं वकिलाचं मत होतं, पण दहा वर्षं राहणाऱ्या भिंतीवर तो धोका घ्यायचा नाही, असंही त्यांनीच सांगितलं.

छायाचित्राचा हक्क छायाचित्रकाराचा, छायाचित्रातल्या व्यक्तीचा नाही. २०२३ च्या वॉरहॉल फाउंडेशन विरुद्ध गोल्डस्मिथ निकालानंतर ‘फोटोवरून चित्र काढलं, म्हणजे ते आमचं’ असं सहज म्हणता येत नाही. छायाचित्रकाराच्या वारसांना ९०० डॉलर दिले.

तिसरा, व्यक्तीच्या प्रतिमेचा हक्क. हा राज्यागणिक बदलतो: इंडियानात मृत्यूनंतर १०० वर्षं, कॅलिफोर्नियात ७०, ओहायोत ६०. कुटुंबाशी लेखी करार करून १,५०० मानधन दिलं. त्यात ‘भिंत आणि तिची प्रसिद्धी’ एवढंच लिहिलं होतं. पुढे पैसे कमी पडले तेव्हा चित्राच्या छापील प्रती विकायची कल्पना निघाली आणि या ओळीवर येऊन थांबली.

करारातलं सर्वांत उपयोगी कलम वेगळंच होतं: चेहऱ्यावर कुटुंबाचा नकाराधिकार, मजकुरावर समितीचा, रंगसंगतीवर भिंत रंगवायला निवडलेल्या चित्रकर्तीचा. ते नसतं तर छायाचित्र निवडतानाच काम अडलं असतं. भाचीला हॅट घातलेली, सत्तरीतली, चर्चमधली मावशी हवी होती. तरुण सदस्यांना तिशीतली, आफ्रो केसांची. कलम असल्यामुळे चर्चा एका बैठकीत संपली. भाचीने दोन्ही बाजूला ठेवून टाइपरायटरवर वाकलेली, पन्नाशीतली छबी निवडली.

भिंत: ओल, लोणा आणि २८ दिवस

मे महिन्यात गवंडी लिफ्टने वर चढला आणि हिशेब कोसळला. वरच्या कठड्यावरचे झाकणदगड तडकलेले, पावसाचा पाइप मागून गळत होता, आणि डावीकडच्या तिसऱ्या भागात विटांवर क्षारांचा पांढरा लोणा फुललेला. पूर्वी कोणीतरी दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, कडक पोर्टलंड सिमेंटने भरल्या होत्या. जुनी वीट मऊ असते. तिच्यातली ओल चुन्याच्या दरजेतून बाहेर पडते. दरज विटेपेक्षा कडक झाली की ओल विटेतूनच वाट काढते, हिवाळ्यात गोठते आणि विटेचा पृष्ठभाग टवके टवके होऊन उडतो. अशा भिंतीवर हवाबंद रंग दिला तर दुसऱ्या हिवाळ्यात चित्र पापुद्र्यांनी सुटतं.

साधी चाचणी अशी: दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी टेपने चिकटवायचं आणि किमान १६ तास ठेवायचं. आतून दव धरलं किंवा भिंत काळसर झाली, तर रंग लावायचा नाही. चाचणी सहा ठिकाणी केली, दोन ठिकाणी दव आलं. या चाचणीचा खर्च शून्य, आणि ती नोव्हेंबरातच करता आली असती.

दुरुस्तीचं बिल १३,५०० झालं: कठडा ४,२००, पाइप १,३००, साडेतीनशे चौरस फूट दरजा खरवडून मऊ चुना-मिश्रणाने भरणं ७,०००, सफाई १,०००. लोणा आधी कोरड्या ब्रशने झाडायचा असतो. पाणी मारलं की क्षार विरघळून परत आत जातात. धुण्याचा दाबही कमी ठेवावा लागतो. मोटार धुवायच्या जोराच्या फवाऱ्याने जुन्या विटेचं कातडं निघतं.

काम १० जुलैला संपलं. ताजी दरज अल्कधर्मी असते, तिच्यावर लगेच प्रायमर लावला तर बंध पक्का होत नाही. म्हणून २८ दिवस थांबणं आलं. लेखिकेचा जूनमधला जन्मदिवस उद्घाटनाला ठरला होता, तो गेला. समितीतल्या दोघांनी ‘पंधरा दिवसांत उरकू’ असा आग्रह धरला, चित्रकर्तीने मानलं नाही. संपूर्ण प्रकल्पातला हा सर्वांत शांतपणे घेतलेला आणि सर्वांत जास्त पैसे वाचवणारा नकार.

रंगकाम

अर्धं चित्र, म्हणजे ६०० चौरस फूट, कापडावर झालं. न विणलेल्या पॉलिएस्टरचे पाच फूट बाय पाच फुटांचे २४ तुकडे. ही पद्धत फिलाडेल्फियाच्या म्युरल आर्ट्स कार्यक्रमाने रुळवली. फायदा असा की आजी, लहान मुलं, चाकाच्या खुर्चीतली माणसं चर्चच्या तळघरात टेबलावर बसून रंगवू शकतात, परांचीवर चढावं लागत नाही. प्रत्येक तुकड्यावर रेषा आणि क्रमांक, प्रत्येक क्रमांकाचा रंग आधीच कालवून झाकणबंद डब्यात. तीन शनिवारांत १८० जणांनी हात लावला. रस्ता, दुकानं, झाडं, माणसांची गर्दी हे सगळ्यांचं. चेहरा आणि अक्षरं चित्रकर्तीची, थेट भिंतीवर.

इथे ठरलेल्या चुका होतात. लोक क्रमांकावर जाड रंग थापतात आणि क्रमांक सुकल्यावरही खालून उमटतो, म्हणून क्रमांक फिक्या पेन्सिलीने लिहावेत. तुकडे रंगीत बाजू एकमेकींना लावून रचले तर उन्हाळ्यात अॅक्रिलिक अॅक्रिलिकला चिकटतं. मधे पॉलिथिन घालून गुंडाळ्या कराव्या लागतात. चार तुकडे याच कारणाने पुन्हा रंगवावे लागले.

चेहऱ्याच्या पहिल्या रंगीत नमुन्यावर भाचीने एकच शब्द उच्चारला: ‘ॲशी’. कोरड्या, राखाडी पडलेल्या त्वचेसाठी कृष्णवर्णीयांच्या बोलीतला हा शब्द. कारण तांत्रिक होतं. पांढऱ्या पायावर तपकिरी रंग, उजेडासाठी त्यात पांढरा आणि सावलीसाठी काळा मिसळला, की गडद त्वचा खडूसारखी निर्जीव होते. दुसऱ्या नमुन्यात पायाच लालसर तपकिरी घेतला, उजेड पिवळ्या गेरूने आणि नारिंगीने चढवला, सावलीत अल्ट्रामरीन आणि क्विनॅक्रिडोन जांभळा, गालावर आकाशाची निळी झाक. काळा रंग फक्त बुबुळात. नैर्ऋत्येचं ऊन भिंतीवर चार तास पडतं, त्यामुळे उन्हात लवकर विटणारे स्वस्त लाल-पिवळे टाळले.

प्रायमर खडबडीत विटेवर गॅलनला दीडशे चौरस फूटच गेला, दोन हातांना १६ गॅलन. कापड चिकटवायला १५ गॅलन अॅक्रिलिक जेल: भिंतीला एक थर, कापडाच्या मागे एक थर, मग मधून कडांकडे रबरी पट्टीने हवा काढत जायचं. पृष्ठभागाचं तापमान १० अंश सेल्सिअसच्या वर आणि दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त असावं लागतं. सप्टेंबरअखेर सकाळचे दोन तास रोज वाया जाऊ लागले, लिफ्ट एक आठवडा जास्त ठेवावी लागली, १,३०० आणखी.

अक्षरांची उंची: दर दहा फूट अंतराला किमान एक इंच. पलीकडच्या फूटपाथवरून ८० फूट, म्हणजे ८ इंच पुरले असते. १४ इंच ठेवली. दोन्ही अर्धी एकाच उंचीची, एकाच रंगाची. पहिल्या आराखड्यात दुसरं अर्ध लहान होतं. कोणी मुद्दाम केलं नव्हतं, जागा पुरत नव्हती म्हणून. तरी सगळा वाद मागच्या दाराने परत आला असता. शेवटी एक खिडकीएवढं झाड चित्रातून काढलं.

निष्पत्ती

एकूण खर्च ७५,५०० झाला. ठरलेल्या ६२,००० वर दुरुस्तीचे ९,५००, हक्कांचे २,४००, लिफ्टचे १,३०० आणि शुल्काचे ३०० चढले. जमा ६५,४००. खड्डा १०,१०० चा. इमारतमालकाने ६,००० दिले, कारण कठडा आणि पाइप त्याचेच होते आणि ते त्याने कधीतरी करायलाच हवे होते. निवृत्त मोटार-कामगारांनी २,५०० जमवले. उरलेले १,६०० चर्चच्या तळघरातल्या शुक्रवारच्या तळलेल्या माशांच्या जेवणातून आले. चित्रकर्तीला मानधन कमी करायला सांगण्याचा ठराव एकदा मांडला गेला. तिने नकार दिला आणि तो तिचा हक्कच होता.

उद्घाटन ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात झालं. थंडी आल्याने वरचा पारदर्शक थर पुढच्या मे महिन्यापर्यंत थांबला. खालच्या आठ फुटांना मेणाचा थर दिला, कोणी खरडलं तर गरम पाण्याने मेणासकट निघतं. तसं एकदा घडलं आणि तासाभरात साफ झालं.

चौदा महिन्यांनी इमारत विकली गेली. भिंतीचा दहा वर्षांचा वापरकरार काउंटीच्या दस्त-नोंदणी कार्यालयात नोंदवलेला होता, त्यामुळे तो नव्या मालकालाही लागू झाला. सुरुवातीला पहिल्या मालकाला चित्रकर्तीकडून सगळे हक्क सोडल्याचं पत्र हवं होतं. १९९० चा दृश्य-कलाकार हक्क कायदा मान्यताप्राप्त कलाकृती नष्ट करण्याविरुद्ध दाद देतो. न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्झ प्रकरणात ४५ चित्रं पुसल्याबद्दल इमारतमालकाला ६७.५ लाख डॉलर भरावे लागले, आणि २०२० मध्ये अपिलातही ते कायम राहिले. ते ऐकून हा पहिला मालक घाबरला होता. तडजोड अशी झाली: चित्रकर्ती हक्क सोडणार नाही, पण चित्र काढणं अटळ झालं तर मालकाने ९० दिवस आधी लेखी कळवायचं. नव्या मालकाला त्या भिंतीत खिडकी काढायची होती. करार वाचून त्याने ती मागच्या बाजूला काढली.

दोन हिवाळ्यांनंतर कापडाच्या खालच्या कडा तीन ठिकाणी सुटल्या. तिन्ही सांधे विटांच्या दरजेवर आले होते. चेहरा आणि अक्षरं शाबूत आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

भिंत निश्चित करण्यापूर्वी गवंड्याला वर चढवायला हवं होतं. त्यासाठी एका दिवसाची लिफ्ट आणि त्याची मजुरी मिळून हजारभर डॉलर गेले असते, आणि आवाहनातच खरा आकडा छापता आला असता. अंदाजपत्रकात १५ टक्के आकस्मिक आणि १० टक्के देखभाल धरणं भाग होतं. देणगीदार त्या ओळींना नाकं मुरडतील ही भीती समितीला होती, पण राज्याच्या जोड-निधीची कमाल मर्यादा ५०,००० होती. उद्दिष्ट ३८,००० ठेवलं असतं तर राज्याचे ८,००० आणखी आले असते. अर्थात विसाव्या दिवशीची अवस्था पाहता ३८,००० गाठले नसते तर राज्याकडून काहीच मिळालं नसतं, त्यामुळे इथे दुसरी बाजूही आहे.

वाक्य छापण्यापूर्वी पुस्तक उघडायला हवं होतं. अशा प्रकल्पात हे पहिलं काम: मूळ आवृत्ती, पान क्रमांक, आधीचं आणि नंतरचं वाक्य, यांची छायाप्रत प्रत्येक सदस्याच्या हातात. कादंबरीतलं वाक्य असेल तर ते कोणत्या पात्राच्या तोंडी आहे तेही. जाहीर वाचन मोहिमेच्या एकतिसाव्या दिवशी झालं, ते पहिल्या दिवसाच्या आधी व्हायला हवं होतं. तेव्हा बँकेची अट आली असती तरी तिचं उत्तर तयार असतं.

प्रकाशकाला पत्र पहिल्या महिन्यात जायला हवं होतं. ११ आठवड्यांत समितीने तीनदा नवं पत्र लिहिलं, कारण आधीचं कोणाच्या टेबलावर आहे हेच कळत नव्हतं. त्या पत्रव्यवहारातून एक अनपेक्षित कागद मात्र हाती लागला. जुन्या करारात लिहिलं होतं की पुस्तक ठरावीक काळ छापलं गेलं नाही तर लेखिकेला किंवा वारसांना हक्क परत मागता येतील. भाचीने तसं पत्र दिलं आणि निबंधसंग्रहाचे हक्क कुटुंबाकडे परत आले.

कापडाचे सांधे दरजेपासून निदान दोन इंच हलवून आखायला हवे होते. त्यासाठी भिंतीचं विटांसकट मोजमाप आधी घ्यावं लागतं, फक्त लांबी-रुंदी पुरत नाही. आता दर मे महिन्यात तपासणी होते: कडा, खालचा मेणाचा थर, कठड्यावरचे दगड आणि पावसाचा पाइप, पण उलट्या क्रमाने, म्हणजे आधी पाइप. देखभालीच्या खात्यात अजून वेगळी रक्कम नाही. सुटलेल्या तीन कडांना अर्धा डबा जेल लागलं, ते चित्रकर्तीच्या गाडीत होतं.